पहाटेचे तीन दहा

नखं वाजतात दारावर.
एकदा. मग थांबून दोनदा.
पायजम्यावरच कोट चढवतो,
मोजे सापडत नाहीत, राहू दे.

पोल्पेत्ता तिचं नाव. आमच्या बोलीत खिम्याचा गोळा.
पिल्लू होती तेव्हा दिसायचीच तशी,
गोल, तपकिरी, तळहातावर मावणारी.
आता अकरा वर्षांची, आणि खिमाच वर्ज्य.
दूध वर्ज्य, चीज वर्ज्य,
डॉक्टर फुर्लानबाईंनी लिहून दिलेली यादी
फ्रिजवर लावलीय,
माझ्या कोलेस्टेरॉलच्या यादीवर. ती आता झाकली गेली.

चार मजले. लिफ्ट आहे,
पण लिफ्टमध्ये तिला धीर धरवत नाही. एकदा धरवला नाही,
तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्यांना नवं पायपुसणं घेऊन द्यावं लागलं.
म्हणून उचलून नेतो.
चौतीस वर्षं त्रिएस्तेच्या बंदरात क्रेन चालवली,
बोटाच्या इशाऱ्यावर कंटेनर हलवले,
पण हे चौदा किलो गुडघ्यांना कळतात.
छातीशी धरली की ऐकू येतं,
तोंडानं कधी न भुंकणारी ही
पोटानं भुंकतेय.
माझ्या पोटात गोळा येतो.
गोळ्याच्या पोटात काय आलंय, देव जाणे.

खाली बोरा सुटलेला.
सायकली आडव्या, कुणाची तरी टोपी गटाराशी.
आणि पलीकडच्या फुटपाथवर नेवेन्का,
तिचा डाशहुंड ओत्तो,
स्वादुपिंड कामातून गेलेलं.
या वाऱ्यात ओरडूनच बोलावं लागतं.
"आज कशी?"
"पातळ!"
"रंग?"
"मोहरीसारखा!"
"रक्त?"
"नाही!"
"सुटलात!"
एक टॅक्सीवाला वेग कमी करतो, काच खाली घेतो,
ऐकतो, आणि काच वर करून निघून जातो.

तीन हिवाळे आम्ही एवढंच बोललो.
तिचं आडनाव मला ठाऊक नाही.
घरात आणखी कोणी आहे का, ठाऊक नाही.
पण ओत्तोला भोपळा सोसतो, गाजर सोसत नाही,
आणि पावडर गरम भातावर घालायची नाही,
भात कोमट झाला की मगच,
हे मला झोपेतसुद्धा सांगता येईल.

वर येऊन भात टाकतो. मीठ नाही.
कातडं काढलेली कोंबडी, बोटांनी बारीक केलेली.
ती हुंगते. माझ्याकडे बघते.
तूच खा, असं.
मी खातो, सिंकपाशी उभ्यानं.
वाईट लागत नाही.

एक गोष्ट डॉक्टरबाईंना सांगितलेली नाही.
रविवारी बंदरातल्या जुन्या सोबत्यांकडे,
टेबलाखालून, सॉसेजचं टोक.
मीच दिलं.
आणि पुरावा असा की
चार तासांनी स्वतःच बाहेर आला.

फेब्रुवारीत नऊ रात्री नेवेन्का दिसली नाही.
पलीकडच्या खिडकीत दिवा लागायचा,
तीन दहाला,
आणि विझायचा.

दहाव्या रात्री उतरली. एकटी.
हातात पावडरचा डबा, अर्धा भरलेला.
"वाया कशाला," म्हणाली,
"अजून मुदत आहे याची."
मी डबा घेतला. काही बोलायला हवं होतं.
दोघांच्या मध्ये जमिनीपाशी
एका बुटक्या कुत्र्याएवढी जागा रिकामी होती,
पोल्पेत्ता तीच हुंगत राहिली कितीतरी वेळ.
मग भिंतीशी गेली, पाठ वाकवली.

"आज कशी?" नेवेन्कानं विचारलं.
वारा केव्हाच पडला होता,
ओरडायचं काही कारण नव्हतं.
मी तरी ओरडलो,
"घट्ट!"

ती वाकली. मोबाइलचा उजेड पाडला,
नीट निरखलं, एखादी जाणकार बाई बाजारात निरखते तसं.
"छान," म्हणाली.
आणि कोटाच्या खिशातून, सवयीनं,
पिशवी काढून
पुढे केली.