लघवीची गोळी

झीनत, तुझा तक्ता पाहिला.
छान आहे. रंगसुद्धा छान.
लाल चौकोनात सकवारबाई ओव्हाळ, वय एकोणसत्तर,
साखर, रक्तदाब, थकलेलं हृदय, डावा डोळा गेलेला,
आणि एक मुलगा, ज्याच्यासाठी तुझ्या तक्त्यात रकानाच नाही.

तू म्हणालीस, मॅडम, फोनवर आठवण पाठवू,
रोज आठला, मराठीत, बाईच्या आवाजात.
ओजसनं तेवढ्यात खर्चही काढला: माणशी महिना चार रुपये.
मी मान हलवली. तुम्हा दोघांना तो होकार वाटला.
म्हटलं, आधी जनता वसाहतीत जाऊन या.
वही नको. नुसतं तिच्याबरोबर चाला.

परत आलात तेव्हा दवाखाना झाडून झाला होता,
सिस्टर लशींची पेटी मोजत होत्या.
ओजसच्या बुटांना नळाकाठचा चिखल.
तू काही न बोलता
लक्ष्मी रोडवरच्या साडीच्या दुकानाची पिशवी टेबलावर उपडी केलीस.
सगळ्या पट्ट्या फोडलेल्या, एक सोडून.
पांढरी, बारीक. लघवीची.

"चौऱ्याऐंशी पायऱ्या आहेत, मॅडम,
दारापासून संडासापर्यंत. मी मोजल्या.
रात्री दहाला कुलूप.
दिवसा ती मंडईबाहेर लिंबं विकते,
उठली की जागा जाते.
विसरत नाही हो ती.
रोज आठवण येते, आणि रोज घेत नाही."

मी केसपेपर काढला.
अकरा वर्षं. दर महिन्याला माझंच अक्षर:
गोळ्या अनियमित. समजावले.
गोळ्या अनियमित. समजावले.
काय समजावत होते मी, कुणास ठाऊक.
त्या पायऱ्या या खिडकीतून दिसतात.
चहा पिताना मी तिकडेच तोंड करून बसते.

तुमच्या फेलोशिपच्या कागदावर 'मार्गदर्शक' म्हणून सही माझी आहे.
असू दे.

बाई म्हणते, चारला घेईन.
तोवर लिंबं संपतात, घरी पोचते,
कुलपाला सहा तास असतात.
एवढंच. ओजस म्हणाला, हे छापून कसं येणार?
नाही येणार बहुतेक.
तरी तक्त्यात एक रकाना वाढव, झीनत.
नाव काय देऊ, विचारतेस.
मला सुचत नाहीये अजून.
पिशवीच्या तळाशी लिंबं राहिलीत बघ, दोन.
तिनं मुद्दाम ठेवलीत का, ते विचारलंस?