बाकी सव्वाचार आणे

पोवई नाक्यामागे माझी खोली. दारावर पाटी :
मोडी वाचून मिळेल.
लोक येतात ते दाखल्यासाठी.
पणज्याच्या नावापुढे एक शब्द निघावा म्हणून
श्वास धरून बाकावर बसतात.
निघाला तर कंदी पेढे,
नाही निघाला तर मला चष्म्याचा नंबर विचारतात.

हेस्टरबाई त्याच बाकावर येऊन बसली.
लिंकनशायरकडची. वय बहात्तर. शाळेत गणित शिकवायची.
तिच्या वहीत सोळाशे बत्तीसपासूनचे सगळे रॅक्सॉल,
तिकडच्या चर्चांच्या दप्तरांतून उतरवलेले :
कुणाचा बाप्तिस्मा, कुणाचं लग्न, कोण कुठं पुरला,
एकापुढे तर 'दोन मेंढ्या चोरल्या' हेसुद्धा.
एकाच फांदीला प्रश्नचिन्ह.
अठराशे एकसष्ट, सातारा कँप.

सदर बझारच्या चर्चमध्ये सॅम्युअल रणभिसेंनी कपाट उघडलं.
डांबरगोळ्यांचा वास आधी आला, मग रजिस्टर.
मुलगा : जॉर्ज.
बाप : टोबायस रॅक्सॉल, तोफखाना, हुद्दा, सही, सगळं.
आई : या भागातली एक बाई.
"एवढंच आहे," रणभिसे म्हणाले,
जणू त्यांनीच लिहायचं टाळलं होतं.
बाई बोलली नाही.
पर्समधली पट्टी काढून पुढची कोरी जागा मोजली.
साडेतीन इंच.
जागा होती.

मग तिला मणेरगल्लीत नेलं.
बाबालाल मणेरांच्या माळ्यावर पत्र्याची पेटी,
बांगड्यांच्या धंद्याचे पाच पिढ्यांचे हिशेब.
त्यांना वाचता येत नाहीत, टाकवतही नाहीत.

मोडीत रेघ आधी ओढतात,
अक्षरं मागून, दोरीवर कपडे घालावेत तशी.
बोरू उचलायचा नाही, शब्द तोडायचा नाही,
ऱ्हस्व-दीर्घाची चैन तर नाहीच.
चौथ्या दिवशी, शके सतराशे ब्याऐंशी, माघ :
'राकसालसाहेबाकडीलठकुराकोडोली'
मी वाचलं, ठाकूर.
बाबालाल खालून ओरडले,
"ठाकूर कशाला बांगड्या भरेल?"
पुन्हा भिंग धरलं.
पुढे होतं : हिरवा चुडा. दिवस गेलेले. हात सुजला, माप वाढवून दिले.
तेव्हा कुठे तो 'रा' सुटा झाला.
राहणारचा रा.

ठकू.
ठकू, राहणार कोडोली.

बाप्तिस्म्याला आईचं नाव लागलं नाही, उधारीला लागलं.
ओळीच्या शेवटी : बाकी सव्वाचार आणे.
त्यावर काट मारलेली नाही.

हेस्टरबाईनं तिथंच, पेटीच्या झाकणावर कागद ठेवून
हिशेब मांडला. एकशे चौसष्ट वर्षं,
सहा टक्के, चक्रवाढ.
तीन हजार सातशे त्रेपन्न.
पाकीट उघडून ती बाबालालांकडे बघत राहिली.
"आम्ही व्याज घेत नाही," बाबालाल म्हणाले.
मग मुद्दल?
त्यांनी डोकं खाजवलं.
"राहू दे. फेडलं की खातं बंद होतं."
हे मी तिला कसंबसं सांगितलं. मला नीट सांगता आलं नाही.

संध्याकाळी खोलीवर तिनं वही पुढे केली.
खोडरबरानं प्रश्नचिन्ह पुसलं होतं,
कागद तेवढ्यापुरता पातळ झालेला.
मी रेघ ओढली, हात न उचलता नाव लिहिलं.
तिनं खाली गिरवून पाहिलं, तीनदा.
ठ जमला. कू उलटा गेला.

मग मान वर न करता म्हणाली,
"आणि तिची आई?"

कोडोलीकडे वीज गेली होती.
बाकावर चौघं जण फायली मांडीवर घेऊन
आपापल्या पणज्यांची वाट बघत होते.
मी पुढच्याला हाक मारली नाही.