दोन पिशव्या

बाटली हलवायची नसते.
मनगटानं नुसती कलंडायची,
निजलेल्या मुलाची कूस बदलावी तशी.
फेस आला तर औषध गेलं,
आणि एका बाटलीत माझे चार पगार.

काचेच्या कपाटात कोपरापर्यंत हात,
डोक्यावर पंख्याची घरघर,
बाहेर मस्कत, सेहेचाळीस अंश.
लेबलवर नाव येतं: जुविली, दावूद. एकसष्ट किलो.
मी मनात दुरुस्त करते, जुवळे.
आमच्या खाडीपलीकडचे.

काळजाला घरं पडतात ही नुसती बोलायची रीत
असं मला वाटायचं.
स्कॅनमध्ये मोजलीत: तीन.
मोठं सात सेंटिमीटर.
आमचं काळीज तुटतं, उलतं, सुपाएवढं होतं, सगळं छातीत.
खाटकाला मात्र ठाऊक असतं
ते बरगडीखाली, उजव्या अंगाला.

जेवणाच्या सुट्टीत मास्क उतरवून गेले.
"दोन-दोन पिशव्या कशाला गो? एकीनं भागत नाय?"

चाचा, त्या गाठीकडे खोटा बताका आहे.
पोलीस येतो, कार्ड बघतो, सलाम ठोकून जातो.
पहिली पिशवी त्याला म्हणते, परत बघ.
दुसरी गाठीचं पाणी तोडते.
टँकरच बंद.

ते हसले. नळी हलली.
"तेहेतीस वर्षं खरा बताका खिशात,
तरी मलाच थांबवायचे."

चेव आलेला पोलीस खऱ्यालाही धरतो,
हे मी बोलले नाही.
पुरळ, जुलाब, कधी फुप्फुसं, उरलंसुरलं यकृतही.
सहीच्या कागदावर होतं सगळं.
सही त्यांनी मोडीसारखी लांबवली होती.

चौथ्या खेपेला रक्तातला आकडा
चार हजारांवरून नऊशेवर.
कंपनीचं पत्रही चारच खेपांचं.
पुढचं बघतो, म्हणाला साहेब.
बघतो म्हणजे काय, ते आम्हा दोघांनाही कळतं.

निघताना ते माझ्या दाराशी थबकले,
मान तिरकी करून.
उभी हयात एसी दुरुस्त केलेला माणूस.
"बेरिंग जातोय तुझ्या पंख्याचा.
आत्ताच बदल. मागाहून मोटार धरील."

मी तक्रार लिहिली. माणूस आला, बदलून गेला.

आज एकविसावा दिवस.
पंखा इतका गप्प
की प्रिंटर लेबल ओढतो ते ऐकू येतं.
तीन निघालीत.
चौथं निघतंय.