कलम सोळा

पुलाच्या या टोकाला आमचं गाव संपतं,
त्या टोकाला नोरीनाचं सुरू होतं.
मधे बेचाळीस पावलं. खाली सेरियो नदी,
मार्चमधली, गुडघाभर, कुणाला न विचारता वाहणारी.

खिशात कागद. या महिन्यातला चौथा नमुना,
आधीचे तीन रद्द.
खाली सही करणारी एर्सिलिया, वय एकोणऐंशी,
स्वतःच्या जबाबदारीवर जाहीर करते की,
आणि पुढे तीन चौकोन: काम, उपचार, निकड.
मी निकडीवर फुली मारली.
कारणाच्या ओळीवर लिहिलं: गुरुवार.

गुरुवारी मी बहिणीकडे कॉफीला जाते.
नवरे होते तेव्हाही, गेले तेव्हाही.
जमिनीवरून बिनसलं त्या वर्षीसुद्धा गेले,
अवाक्षर न बोलता कप विसळून ठेवला
आणि परत आले.

आडव्या लाकडापाशी पोलीस. मास्कवर नुसते डोळे.
तेवढे पुरले: दामियानो पेत्सोत्ता,
आठवी ब, खिडकीजवळचा बाक,
वहीच्या समासात ट्रॅक्टर काढायचा.
कागद वाचून म्हणाला, "बाई, गुरुवार हे कारण नाही."

"मग सोळावं कलम सांग."
एकतीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलंय,
तो आवाज अजून घशातून जात नाही.

तो खरोखर ताठ उभा राहिला.
"प्रत्येक नागरिकाला देशात कुठेही
मोकळेपणी फिरता येईल, राहता येईल..."
"बघ!" मी म्हटलं.
"...आरोग्य किंवा सुरक्षिततेसाठी कायद्याने
सर्वांना सारखी घातलेली बंधनं सोडून."

हे अर्धं वाक्य.
दर वर्षी नेमकी इथे घंटा व्हायची.
मुलं दप्तरं आवळायची, मी पुस्तक मिटायचे,
म्हणायचे, उरलेलं घरी वाचा.
एकाने वाचलं होतं.

"किती दिवस?" मी विचारलं.
"ते कलमात नाही, बाई."

जिभेवर माझ्या वडिलांचं वाक्य तयार होतं.
काळ्या शर्टवाल्यांच्या राज्यात
शेजारच्या गावी जायला ते चौकीवर हजेरी लावत.
म्हणत, परवानगी मागायची आपल्याला सवय होते,
मग द्यायची त्यांना चटक लागते.
खोटं नव्हतं ते. आजही नाही.

पण मंगळवारच्या पेपरात, मृतांच्या अकरा पानांत,
सातव्यावर, मी याच्या वडिलांचा फोटो पाहिला होता.
पेटीमागे कुणी नव्हतं.
मुलगाही नव्हता. तो इथे होता,
लोकांची कारणं वाचत.

तेवढ्यात अँब्युलन्स आली.
त्याने लाकूड उचललं, कागद न मागता,
ती दिसेनाशी होईपर्यंत तसंच धरून राहिला.

पलीकडे नोरीना घराबाहेर आली होती,
एका हातात किटली, एका हातात कप.
तिने ओतली, उभ्या उभ्या प्यायली,
रिकामा कप माझ्याकडे उलटा करून दाखवला.
जमिनीच्या वेळीही तिने असंच केलं होतं.

मी परतले. दंड नाही, कागद त्याच्याकडेच राहिला.

घरी जुनं पुस्तक काढलं.
कलमात आणखी एक वाक्य आहे:
राजकीय कारणासाठी कोणतंही बंधन घालता येणार नाही.
त्याच्याआधीच अँब्युलन्स आली होती.

पुढच्या गुरुवारी त्याला तेवढंच विचारीन.