एकशे त्रेचाळीस इशारे

बिल्ड लावला की आधी तेच:
हे फंक्शन कालबाह्य आहे, हे फंक्शन कालबाह्य आहे,
एकशे त्रेचाळीस वेळा,
सौद्याआधी यार्डात पुकारा व्हावा तसं.
बाहेर हळदीची पोती उतरतायत.
कीबोर्डच्या फटींत पिवळी पूड,
स्पेसबार तर कायमचा बोहल्याला निघालेला.

मगदूम सरांनी हा प्रोग्राम लिहिला तेव्हा
मी आठवीत होते, मिरजेत.
त्यांची रीत सरळ: एकेक बटण हाताशी घ्यायचं
आणि सांगायचं, तुझी पाठ ही, तुझं अक्षर हे,
बोट टेकलं की हा रंग.
लेकरांना ओळीनं आंघोळ घालावी तसं.

टूलकिट आता म्हणतं, असं नाही करायचं.
विजेटला फक्त नाव ठेवायचं.
रंग, कडा, मोकळी जागा, सगळं वेगळ्या फायलीत,
नियम एकदाच, लागू सगळ्यांना.
मी नाव ठेवत गेले बटणांना
आणि नावं मगदूम सरांना.
एका खिडकीत सात तऱ्हेचे पिवळे!
‘वजन मान्य’ निळं कशाला?
‘रद्द’ला ही जाड काळी चौकट?
कारण कुठंच लिहिलेलं नाही.

दोन दिवसांत तीनशे ओळी गेल्या, चाळीस आल्या.
मान्य हिरवं. रद्द लाल. जगात असतं तसं.
इशारे शून्य.
त्या संध्याकाळी भडंग घेतलं, तिखट,
आणि कृष्णेच्या घाटावर एकटीनं संपवलं.

सकाळी साडेदहाला काट्यावरून फोन:
अकरा पोती गायब.
होती तिथंच, थप्पीत,
फक्त पडद्यावर नव्हती.
इस्माईलचाचा शिकलगार, सव्वीस वर्षं तोलार,
बोट हवेत धरून उभे.
“पोरी, दोन्ही बटणं एकाच मातीची केलीस व्हय?”

मला वाटलं, नजर गेली.
नजर शाबूत. लांबूनच सांगतात,
हळकुंड राजापुरी की सेलम.
फक्त लाल आणि हिरवं यांच्यातलं भांडण
त्यांना जन्मापासून ऐकू आलेलं नाही.
“मगदूमनं चार दिवस शेजारी बसवून घेतलं हुतं.
ह्यो दिसतोय का, चाचा? बरं, मग ह्यो?”

फायलीच्या तळाशी मी एक नियम लिहिला.
मागून आलेला नियम जिंकतो,
नव्या रीतीची एवढी मेहेरबानी.
निळं. जाड काळी चौकट.
आणि वर टीप: का, कुणासाठी.
चाचांनी वाकून पाहिलं.
“ह्यो दिसतोय,” म्हणाले, आणि पुढचं पोतं घेतलं.

सात पिवळ्यांचा मात्र मी एकच करून टाकलाय.
विचारायला मगदूम सरांचा नंबर लावला,
तो आता तासगावात कुणाला तरी लागतो,
द्राक्षांची औषधं विकणाऱ्याला.
जुनी फाईल
मी अजून पुसलेली नाही.