मुदत

डीप फ्रीजरच्या तळाशी बर्फात रुतलेली बाटली.
आत कोरडी पूड. लेबलवर कोंडा सरांचं अक्षर:
स्ट्रेप्टोमायसिन, मार्च ९८.
रफार टोपीसारखा तिरका.
तेव्हा मी पाचवीत, अशोक चौकात
यंत्रमागाच्या खडखडाटात पाढे ओरडत होते.

मुदत कधीच संपली.
नव्याची मागणी तीन महिने अकाउंट्सच्या टेबलावर.
गेल्याच वर्षीचं अँपिसिलिन, पाण्यात कालवलेलं,
वीज गेली त्या रात्री वितळलं, पुन्हा गोठलं,
आणि परवा प्लेटवर जंतू असे माजले
जणू घातलंच नव्हतं काही.

अंबव्वा म्हणाली, मॅडम, हेही फेकू?
थांब गं. आधी विचारून तर बघू.

विचारायचं जंतूंनाच.
टिकलीएवढ्या कागदी चकतीवर एक थेंब,
मग रात्रभर सदतीस अंशांत.
दुपारी बाहेर त्रेचाळीस होते;
इन्क्युबेटर सोलापूरपेक्षा थंड.

सकाळी पट्टी लावली. पंधरा मिलिमीटर.
चकतीभोवती लख्ख, रिकामं वर्तुळ.
अंबव्वानं पुन्हा मोजलं. पंधराच.

सरांना जाऊन सहा वर्षं झाली.
वहीत लिहिलं: चालतं, चाचणीपुरतं.
जुनं लेबल खरवडलं नाही,
माझं त्याच्या खाली चिकटवलं,
जरा वाकडंच.