काही न सांगितल्यास

रोहिदासच्या छापखान्यासाठी एक आज्ञा लिहितोय,
त्याच्या एडिटरच्या पोटातल्या इवल्या भाषेत.
तिला कंस लागतो,
आणि कंसात कोण कुठे बसणार
ते आधी ठरवावं लागतं.

नाव साधं: बदल.
जुनं काय, नवं काय, कुठून, कुठवर, किती वेळा.
पाच जण, बाक एकच.

गेल्या महिन्यात पहिल्या दोघांची अदलाबदल झाली.
लग्नाचा हॉल शिरोड्याचा रद्द, कुडचड्याचा ठरलेला.
मी उलटं दिलं.
हॉल राहिला शिरोड्यालाच,
नवरीचं घर मात्र कुडचड्याहून उठून
हॉलच्या शेजारी येऊन बसलं.
चारशे पत्रिका.
रोहिदास काही बोलला नाही.
त्यांच्या कोऱ्या बाजूवर अजून शाईचा हिशोब लिहितो.

बोलताना असं होत नाही.
कुडचड्याहून शिरोड्याला म्हणा,
शिरोड्याला कुडचड्याहून म्हणा,
बस त्याच रस्त्याने जाते.
शब्द आपलं काम शेपटीला बांधूनच घराबाहेर पडतो.
म्हणून म्हटलं, प्रत्येकाला नाव देऊ,
मग बसा कुठेही.
रोहिदास म्हणाला, एवढं टाइप करीपर्यंत
मी हातानेच बदलून मोकळा होईन.
तेही खरंच.
शेवटी दोघांना नाव दिलं, दोघांना दिलं नाही.

राहिला पाचवा. किती वेळा.
सांगितलंच नाही, तर?
एकदा? की फाइलभर, दिसेल तिथे?

खाली खडपाबांधच्या चढावर हॉर्न वाजला.
इनास पोदेर. सायकल, टोपली, वर निळं प्लास्टिक.
फाटकाला टांगलेल्या पिशवीत चार उंडे टाकून तो गेलासुद्धा.
पाहुणे असले की आई पिशवीत चिठ्ठी ठेवते: आज आठ.
चिठ्ठी नाही म्हणजे चार.
कधी ठरलं, कुणी ठरवलं, आठवत नाही.

बाबांना जाऊन दीड वर्ष झालं.
चार येतात.
इनासला कुणी सांगितलं नाही असं कसं होईल,
तो मातीला आला होता, टोपी हातात धरून.
पण उंड्यांचं कुणी बोललं नाही.
आई म्हणते, आसूं दी.
चौथा संध्याकाळपर्यंत कडक होतो,
ती तो चहात बुडवून खाते, आमच्याकडे न बघता.

न सांगितलेला आकडा कुणाच्या घरी राहतो,
मागणाऱ्याच्या की देणाऱ्याच्या?
मॅन्युअलमध्ये यावर दीड ओळ आहे.
दोनदा वाचली.

मग लिहिलं: किती = १.
सगळीकडे हवं असेल त्याने तसं तोंडाने म्हणावं.

एका उरलेल्या पत्रिकेच्या मागे
'उद्यापासून तीन' असंही लिहिलं.
ती खिशात आहे.
आधी आज्ञा तपासून बघतो.
कुडचडे, शिरोडा.
एकदाच बदललं.
बाकीचं होतं तिथेच राहिलं.